दुसऱ्यांदा वाच

तांडेलांनी दिलेला प्रत्येक कागद मी त्यांना दोनदा वाचून दाखवला. एक सोडून. त्या एका कागदाबद्दल लिहायला बसलो आहे, पण तांडेल कोण होते ते आधी सांगायला हवं. नाहीतर तो कागद म्हणजे नुसता कागद.

ते आमचे घरमालक. गाव सारसोळे, खाडीच्या काठावरचं. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य माणूस. तरुणपणी ते मीठ आणि विटा भरलेला मचवा मुंबईला न्यायचे, म्हणून सगळा गाव त्यांना त्याच नावाने हाक मारायचा. खाडीवर पूल झाला, ट्रक धावू लागले आणि मचवा चिखलात बसला. पुढे नवीन शहरासाठी जमिनी गेल्या. तांडेलांनी घर बांधलं, आणि घराला लागून कारखान्यातल्या लोकांसाठी तीन खोल्यांची ओळ काढली. त्यातल्या मधल्या खोलीत आम्ही नवराबायको राहत होतो. एकोणीसशे ऐंशी उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी शिरवण्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. तांडेल मला नावाने कधीच हाक मारत नसत. "ओ इस्टोर," म्हणायचे.

खोली मिळाली ती गोष्टही सांगतो. मी मराठवाड्यातला, भिंतीवर बुद्धाची तसबीर असलेल्या घरातला. सारसोळ्याला येण्याआधी तीन ठिकाणी माझं आडनाव ऐकल्यावर "अरेरे, खोली कालच गेली," असं ऐकून परतलो होतो. तांडेलांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "पवता येतं?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग खाडीकडं जाऊ नको," ते म्हणाले, आणि किल्ली दिली.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कागदाला ते फसत नसत. एकदा फसले होते. जमिनीच्या वेळी कुणीतरी नोटीस वाचून दाखवताना मधली एक ओळ गाळली आणि अंगठा घेऊन गेला. तेव्हापासून त्यांची रीत ठरली. कागद पहिल्यांदा डोळे मिटून ऐकायचा. मग उठून काहीतरी करायचं, जाळ्याचे चार फास विणायचे किंवा कोंबड्यांना हाकलायचं. मग परत बसायचं आणि म्हणायचं, "आता दुसऱ्यांदा वाच." इंग्रजी कागद असला की मला तो तिथल्या तिथे मराठीत सांगावा लागायचा, आणि दोन्ही वेळा तेच शब्द यायला हवे असत. एकदा मी पहिल्या खेपेला 'मुदत' म्हणालो आणि दुसऱ्या खेपेला 'अवधी'. त्यांनी डोळे उघडले.

"कागद एकच हाय ना?"

"एकच आहे."

"मंग शबुद दोन कसं?"

त्यांना समजवायला मला अर्धा तास लागला. त्यांना पटलं असं मला वाटलं नाही.

आता पियानो. तांडेल घराच्या दारासाठी जुनं सागवान बघायला मुंबईत गेले होते. जुन्या लाकडाच्या एका वखारीत तो उभा पियानो पडला होता. लाकूड वेगळं, लोखंड वेगळं करून विकायचा बेत होता. तांडेलांनी एक पट्टी दाबली. आतून आवाज आला. त्यांनी दरवाजा घेतलाच नाही; टेम्पोत पियानो घालून आले. टेम्पोवाल्यांनी तो आमच्या शेजारच्या रिकाम्या खोलीत उतरवला, कारण टेम्पो तिथवरच येत होता.

"यो काय आनला?" तांडेलीणबाईंनी विचारलं.

"पेटी."

"आन् दरवाजा?"

"आत कोनतरी हाय. मोडाय देऊ काय?"

तांडेलीणबाई फाटक्या तोंडाच्या आणि मऊ मनाच्या होत्या. वर्षभर त्यांनी आल्यागेल्याला सांगितलं की आमच्या घराला दार नाही, पण वाजंत्री हाय.

दुरुस्ती दोन वर्षं चालली. तांडेलांना पियानोतलं काही कळत नव्हतं. त्यांना होडीतलं कळत होतं. त्यांनी पेटीचा पुढचा भाग उघडला, पंच्याऐंशी पट्ट्या एकेक करून उचलल्या आणि उन्हात मांडल्या, त्याही बोंबील वाळवायच्या चटईवर. प्रत्येक पट्टीला दोरा, दोऱ्याला गाठी. कोणती कुठली ते कळावं म्हणून. दोन दिवस ते गाठी मारत बसले होते. मी संध्याकाळी कारखान्यातून आलो आणि दाखवलं, की प्रत्येक पट्टीवर कारखान्याने आकडा ठोकलेला आहे. ते म्हणाले, "ही त्यांची खूण. ही माजी." आणि उरलेल्या पट्ट्यांनाही गाठी मारल्या.

"म्हातारा दात वाळवतोय," तांडेलीणबाई माझ्या बायकोला म्हणाल्या. "आता माजं बोंबील कुठं घालू, याच्या तोंडात?"

तारा गंजल्या होत्या. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरच्या लोकरी नमद्याला कसर लागली होती. मागची मोठी पातळ फळी उभी चिरलेली. तांडेलांनी फटीत बसेल अशी सागाची बारीक चीप तासली आणि सरसाने बसवली. तारा ताणणाऱ्या खुंट्या सैल होत्या. वल्ह्याची खुंटी सैल झाली की करतात तसं त्यांनी खुंटीभोवती पॉलिशचा कागद गुंडाळून ती परत ठोकली. नमदा मी कारखान्याच्या भंगारातून आणून दिला. धोबीतलावाकडचा एक म्हातारा गोवेकर, पियानो सुरात लावणारा, एकदा बसने येऊन गेला. खुंट्या बघून तो हसला. "बाबा, ये बोट नहीं है."

"पानी शिरलं तं दोनी बुडतात," तांडेल म्हणाले.

गोवेकराने खुंटी पिळून पाहिली. ती धरून बसली होती. जाताना त्याने सुके बोंबील मागून नेले.

पट्ट्या धुताना डावीकडच्या शेवटच्या पट्टीच्या अंगावर, एरवी दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं. लहान पोराचं वेडंवाकडं इंग्रजी अक्षर. मी वाचलं: एनिड. आतल्या बाजूला एक पिवळा कागद डकवलेला होता, कधीकाळी सूर लावून गेलेल्या कुणाचा. त्यावर माझगावच्या एका घराचं नाव आणि गल्ली होती.

तेव्हापासून तांडेलांचं पेटीतलं लक्ष उडालं आणि त्या नावात अडकलं. "कोन ही? जिती हाय का?" रोज एकदा तरी विचारायचे. त्याचं कारण होतं. त्यांच्या घरात जुनी होडी घेतली की एक रीत पाळत. आधीच्या मालकाने येऊन होडीच्या तोंडावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, ने, तुला दिली. तोवर होडी बसल्या जागेवरून हलवायची नाही. त्यांच्या वडिलांनी उरणकडून होडी घेतली तेव्हा विकणारा मध्येच वारला. तिचा मुहूर्त त्याची विधवा सुतक संपवून येईपर्यंत थांबला होता.

"पण तुम्ही वखारीतून आणलीतच की ती," मी म्हटलं.

"ती मरनातनं काढली. आता बसली तितनं हालनार नाय. बोलनार बी नाय."

म्हणजे पेटी दुरुस्त झाली आणि मुकी राहिली. शेजारच्या खोलीत.

ती खोली आम्हाला मिळायची होती. माझी बायको गरोदर होती. आमची खोली दहा बाय बारा; त्यातच स्टोव्ह, त्यातच मोरी, त्यातच झोपायचं. बाळंतपणाला तिची आई गावाहून यायची होती. तांडेल स्वतःच म्हणाले होते, "पेटी माज्या ओटीवर गेली की ती खोली तुजी. मधी दार काढून देतो." आणि पेटी ओटीवर जायला माझगावच्या बाईचा हात लागायला हवा होता. पत्र मीच लिहिलं. इंग्रजीत लिहिलं. एनिड नाव, माझगाव, पियानो. मराठीत लिहावं असं माझ्या मनातही आलं नाही. खाली पत्ता आमच्या खोलीचा दिला.

दोन महिने काही आलं नाही. बायकोला सातवा महिना लागला. ती तक्रार करणाऱ्यातली नव्हती, पण स्टोव्ह पेटला की उठून दाराबाहेर बसायची. मी येता-जाता त्या बंद खोलीकडे बघायचो. आत एक पियानो ऐसपैस उभा होता.

उत्तर आलं ते पोस्टमनने माझ्या हातात दिलं. मी ते आधी एकटा वाचलं. बाईंनी नकार दिला होता. म्हणजे नकारही नाही. थांबा म्हटलं होतं. दिवाळीनंतर येईन, तोवर हलवू नका, वाजवू नका. दिवाळी चार महिन्यांवर होती आणि आमचं मूल दोन महिन्यांवर.

मी तांडेलांच्या ओटीवर गेलो. ते जाळं विणत होते. डोळे मिटून बसले. मी कागद समोर धरला आणि वाचलं: "पियानो तुमच्याकडे आहे हे वाचून आनंद झाला. तो आता तुमचाच. हवा तिथे ठेवा, खुशाल वाजवा. मी मनापासून दिला आहे."

इतकं सरळ खोटं मी त्याआधी बोललो नव्हतो. फार कठीण गेलं नाही. कागद हातात असला की खोटं आपोआप वाचल्यासारखं होतं.

तांडेलांनी डोळे उघडले. समोर आमच्या दाराशी बायको तांदूळ निवडत बसली होती. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. मी दुसऱ्या वाचनाची तयारी करत होतो, मनात शब्द घोळवत होतो.

"सही हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय," मी म्हटलं. त्यांच्यासारखंच.

"बरं." त्यांनी कागद घेतला, चार घड्या केल्या आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. दुसऱ्यांदा वाच म्हणाले नाहीत. आनंदाच्या भरात विसरले असतील, असं मी धरलं.

दुसऱ्या दिवशी गावातले चौघे आले, नारळ फुटला, पेटी ओटीवर गेली. आठवड्यात मधलं दार निघालं. सासूबाई आल्या. मुलगी झाली, ती दवाखान्यातून त्याच खोलीत आली. जिथे पियानो होता तिथे पाळणा टांगला. तांडेलांनी पाळण्याचा दोर स्वतः बांधला, सुटणार नाही अशा गाठीने.

पण पेटीचं झाकण त्यांनी उघडलं नाही. वर जुनं जाळं टाकून ठेवलं होतं. मी एकदा विचारलं, "वाजवून बघायचं नाही का? परवानगी तर आली."

"हालवली तं हालवली," ते म्हणाले. "बोलंल तवा बोलंल."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. माणूस सोयीचं तेवढं समजून घेतो.

त्यांचा स्वभाव असा होता, की गाव त्यांना अर्धवट म्हणायचा आणि प्रत्येक तंट्यात त्यांनाच मध्ये बसवायचा. भांडणाऱ्या दोन भावांचं म्हणणं ते एकदा ऐकायचे, मग दोघांना जेवायला घालायचे, आणि मग म्हणायचे, आता परत सांगा. जेवणानंतर बहुतेकांची हकिकत बदलायची. ते निकाल देत नसत. "तुमीच आयकलात ना," एवढंच म्हणायचे आणि उठायचे.

दिवाळीनंतर एका दुपारी बाई आली. मी पहिल्या पाळीहून परतलो तेव्हा वेशीजवळ टॅक्सी उभी होती. ओटीवर खुर्चीत सत्तरीची एक बाई बसली होती. फुलाफुलांचा फ्रॉक, हातात काठी. आणि तांडेल हसत होते. मी जवळ गेलो तेव्हा ती म्हणत होती, "माजे बापासनी ती गोदीत मिलाली. गोरा साहेब घरा जाया निंगाला, त्यानी दिली. बोटीनशी आलेली हाय ती, इंग्लंडशी."

"म्हंजी दर्या बगितलान तिनं," तांडेल म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

बाई माझगावातल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली होती, मुंबईच्या मूळच्या लोकांपैकी. तिची बोली तांडेलांच्या बोलीची बहीण निघाली. मी साध्या मराठीत पोस्टकार्ड टाकलं असतं तर मधे माझी गरजच पडली नसती. त्या ओटीवर परक्या भाषेतला एकटा मीच होतो.

पट्टीवरचं एनिड हे नाव तिच्या धाकट्या बहिणीचं. मला ते पत्रातून माहीत होतं, तांडेलांना आज कळलं. आई ओरडेल म्हणून कुणाला दिसणार नाही अशा जागी लिहिलेलं. बहीण दहाव्या वर्षी तापाने गेली. घरात तिच्या हातचं एवढंच राहिलं होतं आणि तेही या बाईला माहीत होतं, बाकी कुणाला नाही.

तांडेल उठले. आतून डबा घेऊन आले. माझ्या बायकोला हाक मारली, "पोरी, लेकीला घेऊन ये." ती पोरीला घेऊन दाराशी उभी राहिली. तांडेलांनी डब्यातून कागद काढला, चारी घड्या उलगडल्या आणि माझ्यापुढे धरला.

"इस्टोर," ते म्हणाले, "आता दुसऱ्यांदा वाच."

आवाजात राग नव्हता. त्यांनी डोळे मिटले नव्हते. बाई काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होती. तिने स्वतः लिहिलेला कागद माझ्या हातात होता आणि तो खरा वाचायला मला दोन मिनिटं पुरली असती. त्यांनी मला जेवू घातलं नव्हतं एवढंच; बाकी सगळी त्यांची तीच रीत होती.

मी वाचलं, "पियानो तुमच्याकडे आहे हे वाचून आनंद झाला." पुढे 'तो तुमचाच' म्हणालो होतो की 'तो तुम्हालाच दिला', ते आठवेना. काहीतरी म्हणालो. "हवा तिथे ठेवा. खुशाल वाजवा."

शब्द नक्कीच बदलले असणार. तांडेलांनी टोकलं नाही. ते बाईकडे वळले.

"असाच लिवलंस?"

बाईने माझ्या बायकोकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरच्या पोरीकडे. दुपारभर ती तिथे होती. आमची खोली, पाळणा, पाळण्याच्या मागच्या भिंतीवर पियानोने उमटवलेला काळसर चौकोन, सगळं तिने पाहिलं असणार.

"हा," ती म्हणाली. "असाच लिवला."

मग ती काठी टेकत उठली. तांडेलांनी जाळं काढलं. तिने पेटीच्या माथ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ने, तुना दिली." झाकण उघडून, उभ्यानेच, तिने काहीतरी वाजवलं. चार सूर खोटे होते आणि डावीकडची शेवटची पट्टी नीट उठत नव्हती. ती तिने दोनदा दाबली. तांडेलीणबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "ह्या आवाजापायी दार नाय आमच्या घराला." सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर आम्ही तिथे पाच वर्षं राहिलो. तांडेल बदलले नाहीत. घरी मासळी पाठवायचे, माझ्या मुलीला त्यांनी खाडीत पोहायला शिकवलं. फक्त त्या दिवसापासून त्यांनी मला एकही कागद वाचायला दिला नाही. नोटीस आली, बिल आलं, लेकीचं पत्र आलं, की ते टोपी घालून, पाऊण तास चालून नेरुळच्या शाळेतल्या मास्तरांकडे जायचे. माझ्या दारावरून जायचे. "काय इस्टोर, बरं ना?" म्हणायचे आणि कागद सदऱ्याच्या खिशात असायचा.

आता मला नीट कळतं ते असं. पहिल्या वाचनालाच त्यांनी मला ओळखलं होतं. दुसऱ्यांदा वाच म्हणाले असते तर मी सापडलो असतो, आणि मी सापडल्यावर त्यांना पेटी हलवता आली नसती. माझ्या बायकोला खोली मिळावी म्हणून त्यांनी आपली रीत मोडली आणि मोडली हे ठाऊक असूनच झाकण बंद ठेवलं. नंतर बाईसमोर त्यांनी मला जी संधी दिली ती माझ्यासाठी होती. तीही मी घालवली.

तांडेल गेले तेव्हा मी दहाव्याला गेलो होतो. त्यांच्या सुनेने तो पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. "बाबा बोल्ले होते, यो इस्टोरला द्या." आत एकच कागद होता. तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. बायकोला मी काही सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही, ती आता त्या वेळच्या तिच्या आईहून मोठी आहे. दोघी हे वाचतील.

तर तांडेल, दुसऱ्यांदा वाचतो.

"महाशय, तुमचं पत्र मिळालं. पियानो मी विकलेला नाही. खुब्याचं हाड मोडून मी इस्पितळात असताना माझ्या भावाने तो वखारीत दिला. मी घरी आले तेव्हा भिंत रिकामी होती. तो मोडला गेला असं धरून चालले होते. तुम्ही विचारता त्या पट्टीवरचं नाव माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. ते कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही माझी परवानगी मागता, असं आजवर कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. ती मला तिथे येऊन, हात लावून द्यायची आहे. खुब्यावर नुकतीच पुन्हा शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर दिवाळीपर्यंत घराबाहेर पडू देत नाहीत. तोवर कृपा करून तो हलवू नका, वाजवू नका. मात्र त्याच्यामुळे तुमच्या घरात कुणाची अडचण होत असेल तर एका ओळीने कळवा. मी डॉक्टरचं ऐकणार नाही, लगेच येईन."

एवढंच आहे. खाली सही हाय.